पेडण्याहून टोरोंटो नेमकं किती लांब?

चवथ झाली, गणपतीवर बांधलेली फळाफुलांची माटोळी उतरली, पोरं परत आपापल्या ठिकाणी गेली, कोण लंडनला, कोण कॅनडात, कोण बोटीवर, आणि या महिन्यात आलेल्या पत्रांतली अर्ध्याहून जास्त पत्रं विमान, अंतर आणि तास याबद्दलचीच निघाली. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आणि हीच घेतली. यातलं पहिलं पत्र मला फार आवडलं, त्यामुळे त्याचं उत्तर लांबलंय, ते तसंच राहू दे.

प्रश्न : सर, नमस्कार. माझा मुलगा टोरोंटोला असतो. २०२४च्या डिसेंबरात मी पहिल्यांदाच त्याच्याकडे गेले, गोव्याच्या मोपा विमानतळावरून दिल्ली आणि दिल्लीहून टोरोंटो. समोरच्या स्क्रीनवर नकाशा होता, त्यात विमान सरळ पश्चिमेला जायचं सोडून वर वर उत्तरेला चाललेलं, मग ग्रीनलँड आलं, खाली नुसता बर्फ. मला वाटलं वाट चुकलं की काय, मी शेजारच्या मुलीला विचारलंसुद्धा. घरी भिंतीवर नकाशा आहे त्यावर पट्टी लावली तर रेष अरबस्तानावरून, आफ्रिकेच्या वरच्या अंगाने जाते. मग विमान एवढा वळसा का घालतं? पेट्रोल फुकट आहे का?
– एक आई, पेडणे

उत्तर : ताई, विमान वळसा घालत नव्हतं, वळसा तुमच्या भिंतीवरच्या नकाशात आहे. आणि तुम्ही पट्टी घेऊन बघितलंत याचा मला खरंच आनंद झाला, कारण मी शाळेत भूगोल शिकवायचो तेव्हा हाच प्रश्न मुलांनी विचारावा म्हणून वाट बघायचो.

एक काम करा. नातवंडाचा किंवा शेजारच्या कोणाचा पृथ्वीगोल मागून आणा आणि शिवणाचा दोरा घ्या. एक टोक गोव्यावर बोटाने दाबून धरा, दुसरं टोरोंटोवर, आणि दोरा ताणा. सैल असेल तोवर तो कुठूनही जाईल, पण ताणत गेलात की तो आपोआप सरकत सरकत वर जातो, थांबवला तरी थांबत नाही, आणि ताठ झाला की बघा कुठून जातोय : पाकिस्तान, मग अरल समुद्राच्या आसपास, मॉस्कोच्या पूर्वेकडून रशिया, नॉर्वेचं वरचं टोक, ग्रीनलँड, आणि तिथून उतरत कॅनडा. सर्वात वर तो साधारण ७० अंश उत्तरेपर्यंत पोचतो, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही आत. हाच सगळ्यात जवळचा रस्ता. याला भूगोलात बृहद्वृत्त म्हणतात, गोलाचे बरोबर दोन अर्धे करणारं वर्तुळ.

माझ्याकडचा गोल ३० सेंटीमीटर व्यासाचा आहे, त्याच्यावर हा दोरा साधारण साडेतीस सेंटीमीटर भरतो. पूर्ण गोलाला एक वेढा ९४ सेंटीमीटर, पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर, त्रैराशिक मांडलं की १२,९०० किलोमीटरच्या आसपास उत्तर येतं. कॉम्प्युटरवर बघाल तर तोही हेच सांगेल, सुमारे १२,९०० किमी. आणि तुमच्या पट्टीची जी रेष आहे, अरबस्तान, इजिप्त, लिबिया, मोरोक्को आणि मग अटलांटिक, ती मोजली तर भरते सुमारे १४,९०० किमी. सरळ दिसते ती दोन हजारांनी लांब, आणि वाकडी दिसते ती जवळची.

असं का होतं, तर संत्रं सोला आणि फोडी बघा. मधे रुंद, टोकाला निमुळत्या. पृथ्वीच्या रेखांशांचं तसंच आहे, विषुववृत्तावर दोन रेखांशांमध्ये १११ किलोमीटर अंतर, ६० अंश उत्तरेला गेलात की तेच अंतर निम्म्यावर येतं. म्हणजे पश्चिमेला जायचं असेल तर वर जाऊन, जिथे फोड अरुंद आहे तिथून ओलांडलेलं परवडतं. पण भिंतीवरच्या नकाशात या फोडी वरखाली सारख्याच रुंद करून चिकटवलेल्या असतात. मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ मध्ये ही पद्धत काढली, ती दर्यावर्दींसाठी, कारण त्या नकाशावर पट्टीने रेष ओढली की होकायंत्राची दिशा सबंध प्रवासभर एकच धरून जाता येतं. त्या कामासाठी तो नकाशा उत्तमच होता. पण त्याच्यात वरचे देश फुगतात. ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे, आपला भारतच ग्रीनलँडच्या दीडपट भरतो. शाळांच्या भिंतींवर हा एकच नकाशा लावून आपण पिढ्यान् पिढ्या मुलांच्या डोक्यात जगाचा चुकीचा आकार बसवला याचं मला मनापासून वाईट वाटतं, शाळेत एक गोल असलाच पाहिजे असं मी तेव्हाही सांगायचो आणि आजही सांगतो.

आता दोऱ्याची वाट ही कागदावरची. प्रत्यक्षात विमान तंतोतंत तिथूनच जातं असं नाही. कुठल्या देशाचं आकाश बंद असेल तर बाजूने जावं लागतं, २०२५च्या एप्रिलपासून भारतीय कंपन्यांना पाकिस्तानवरून उडायला बंदी झाली तेव्हा दिल्लीहून अमेरिकेकडे जाणाऱ्या काही विमानांना वाटेत व्हिएन्नाला उतरून इंधन भरावं लागलं. २०१९ मध्येसुद्धा फेब्रुवारी ते जुलै हेच झालेलं. शिवाय दोन इंजिनांच्या विमानाला असा नियम असतो की एक इंजिन बंद पडलं तरी ठरलेल्या वेळेत कुठल्या तरी विमानतळावर पोचता आलं पाहिजे, त्यामुळे ओसाड भागावरून जाताना त्या हिशेबाने वाट थोडी सरकते.

आणि हो, विमान दहा-अकरा किलोमीटर उंचावरून जातं म्हणून अंतर वाढत असेल ना, असं बऱ्याच जणांना वाटतं. वाढतं, पण सबंध टोरोंटोच्या प्रवासात वीस-बावीस किलोमीटर. पेडण्याहून म्हापशाला जाऊन थोडं पुढे गेल्यासारखं.

प्रश्न : माझे मिस्टर तारवटी, आयुष्य बोटीवर गेलं. मुलगी टोरोंटोला. मोबाईलवर एका ठिकाणी अंतर १२,९०० दाखवतात, दुसरीकडे ८,००० आणि मिस्टर म्हणतात सात हजारच्या आत आहे. घरात रोज वाद. बरोबर कोण?
– वास्को

उत्तर : तिघेही बरोबर, वाद मिटवा. १२,९०० किलोमीटर, ८,००० हे साधे मैल, आणि तुमच्या मिस्टरांचे ते सागरी मैल, तेही अचूक, साधारण ६,९७० भरतात. साधा मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर आणि सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. हा १.८५२ आकडा उगाच आलेला नाही, अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे एक सागरी मैल. म्हणून बोटीवरच्या माणसाला नकाशाच्या कडेवरूनच अंतर मोजता येतं, वेगळी पट्टी लागत नाही. १९२९ मध्ये तो आंतरराष्ट्रीय पातळीवर बरोबर १,८५२ मीटर ठरवला गेला.

विमानवाल्यांनी हे सगळं दर्यावर्दींकडूनच उचललं, पायलटसुद्धा अंतर सागरी मैलात आणि वेग नॉटमध्ये मोजतात. पूर्वी दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारून ती बोटीच्या मागे पाण्यात सोडायचे आणि ठरलेल्या वेळात किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचे, ती गाठ म्हणजे नॉट. तुमच्या मिस्टरांना विचारा, ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. फक्त तिकीट काढताना किंवा पॉइंट मोजताना आकड्यापुढे किमी लिहिलंय की मैल ते बघत जा, बहुतेक घोळ तिथेच होतो.

प्रश्न : सर, मी नववीत आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान वर गेलं की खालची पृथ्वी पुढे सरकणार, म्हणजे पश्चिमेला लंडनला जायला कमी वेळ लागायला पाहिजे आणि यायला जास्त. पण माझा मामा म्हणतो उलट आहे, जायला जास्त लागतो. कसं काय?
– डिचोली

उत्तर : मामाचं बरोबर आहे, पण तुझा प्रश्न त्याहून चांगला आहे. तू कदंब बसमध्ये उभा आहेस, बस साठच्या स्पीडने चाललीय, तू जागच्या जागी उडी मारलीस तर मागच्या सीटवर जाऊन आपटतोस का? नाही, जिथे होतास तिथेच उतरतोस, कारण तू आणि बसमधली हवा दोन्ही बसबरोबरच चाललेत. पृथ्वीचं तेच. तिच्याबरोबर सगळं वातावरण फिरतंय, आणि धावपट्टीवर उभं असलेलं विमानही आधीपासून फिरतच होतं.

मग जायला-यायला फरक का, तर वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोराचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, हिवाळ्यात ते जास्त जोरात असतात. (आणि गंमत बघ, हे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वळतात ते पृथ्वीच्या फिरण्यामुळेच, म्हणजे तू धरलेलं कारण अगदीच चुकीचं नव्हतं, ते वाऱ्याच्या वाटेने येतं.) जपानमधले ओइशी वासाबुरो या शास्त्रज्ञांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून सोडून हा वारा मोजला होता.

चोडणच्या फेरीबोटीत बसलायस ना कधी? ओहोटीला मांडवीचं पाणी समुद्राकडे जोरात ओढतं तेव्हा त्या ओढीबरोबर जाणारी होडी भुर्रकन जाते आणि उलट येणारी तेवढंच वल्हवून अर्धीच वाट काटते. आता हिशेब कर. गोवा ते लंडन सुमारे ७,६०० किमी. विमानाचा हवेतला वेग धर ९०० आणि समोरून वारा धर १००, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने ८०० उरले, साडेनऊ तास लागले. येताना तोच वारा मागून, म्हणजे १,०००, साडेसात तासांच्या थोडं वर. दोन तासांचा फरक, आणि अंतर एका मीटरनेही बदललेलं नाही.

२०२०च्या फेब्रुवारीत असा वारा इतका जोरात होता की न्यूयॉर्कहून लंडनला एक प्रवासी विमान ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. आणि हे वाचून तुला मजा येईल : २०१६ मध्ये दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमानाने पश्चिमेकडची नेहमीची अटलांटिकची वाट सोडून पूर्वेकडून पॅसिफिकवरून जायला सुरुवात केली, ती वाट लांबची, सुमारे १५,३०० किलोमीटर, तरी वारा पाठीशी असल्यामुळे वेळ कमी लागला, साडेचौदा तासांच्या आसपास. लांबच्या वाटेने लवकर. वर्गात हे गणित मांडून दाखव.

प्रश्न : माझे सासरे ७४ वर्षांचे, मधुमेह आहे. दिराकडे टोरोंटोला जायचं होतं. त्यांनी स्वतः हिशेब केला, १२,९०० किमी भागिले ९००, म्हणजे चौदा-साडेचौदा तास. एजंट म्हणाला डायरेक्ट फ्लाइट आहे. त्या हिशेबाने गोळ्या खिशात ठेवल्या आणि बाकी औषधं, इन्सुलिनसकट, मोठ्या बॅगेत टाकली. प्रत्यक्षात विमान मधे एका ठिकाणी उतरलं, दोन तास आत बसवून ठेवलं, त्यात आधी उशीर झालेला, घर ते घर २९ तास लागले आणि शेवटी त्यांना चक्कर आली. आता चूक कोणाची ते नको, पण पुढच्या वर्षी सासूबाई जाणार आहेत. काय बघायचं?
– फोंडा

उत्तर : ताई, वाचून काळजी वाटली, आता ते बरे असतील अशी आशा करतो. हे उत्तर सगळ्यांनी वाचावं अशी माझी विनंती आहे.

पहिली गोष्ट, डायरेक्ट आणि नॉनस्टॉप हे दोन वेगळे शब्द आहेत. डायरेक्ट म्हणजे फ्लाइटचा नंबर एकच, पण ती वाटेत उतरू शकते. नॉनस्टॉप म्हणजे मधे कुठेच उतरत नाही. एजंटला विचारताना नॉनस्टॉप आहे का असंच विचारा, आणि तिकिटावर स्टॉप किती लिहिलेत ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

दुसरं, अंतराला वेगाने भागून जे उत्तर येतं ते फक्त हवेतलं. वाटेत थांबा घेतला म्हणून अंतर फार वाढतं असंही नाही, मी मोजून बघितलं : गोवा ते टोरोंटो सरळ १२,९००, दिल्लीवरून गेलात तर १३,१००, लंडनवरून १३,३००, दोहावरून १३,४००. म्हणजे कुठूनही गेलात तरी जास्तीत जास्त पाचशे किलोमीटरचा फरक, पाऊण तासाचासुद्धा नाही. वेळ जातो तो जमिनीवर, विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, मधल्या ठिकाणी सहा-सात तास बसायचं, तिथे इमिग्रेशनची रांग. म्हणून म्हाताऱ्या माणसाचं तिकीट काढताना किलोमीटर बघू नका, पैशांकडेही थोडं कमी बघा, मधला थांबा किती तासांचा ते बघा. दीड तासाचा थांबा कागदावर चांगला दिसतो पण मोठ्या विमानतळावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालताना त्यांचा जीव मेटाकुटीला येतो, आणि दहा तासांचा तर नकोच. तीन-चार तास ठीक. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा, त्यात कमीपणा काही नाही.

तिसरं, औषधं. सगळी हातातल्या बॅगेत, दोन दिवस जास्तीची धरून, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. इन्सुलिन तर खाली सामानात कधीच टाकू नका, तिथे थंडीने ते गोठून बिघडू शकतं. आणि घड्याळ बदलतं तेव्हा डोस कसा घ्यायचा हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या.

घड्याळावरून आठवलं, तिकिटावर निघायची वेळ आपली आणि पोचायची वेळ तिथली छापलेली असते. लंडनला दुपारी एकला निघून संध्याकाळी सहाला पोचणार असं वाचून पाच तास धरणारे लोक मी बघितलेत. तिथलं घड्याळ उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असतं, ते मिळवायला हवेत, म्हणजे उन्हाळ्यात ते साडेनऊ झाले. टोरोंटोला हाच फरक साडेनऊ आणि साडेदहा तासांचा.

प्रश्न : आमचे आजोबा सांगायचे की पोर्तुगीज राजवटीत दाबोळीहून विमानाने लिस्बनला जायचे. खरं का? आणि लिस्बन किती लांब?
– मडगाव

उत्तर : खरं आहे. टीएआयपी नावाची पोर्तुगीज इंडियाची विमान कंपनी १९५५ मध्ये सुरू झाली, दाबोळीहून तिची विमानं दमण, दीव आणि कराचीला जायची, आणि पुढे लिस्बनलाही. त्यांना भारतावरून उडता येत नव्हतं, म्हणून समुद्रावरून कराची गाठायची. १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि ते सगळं थांबलं. दोऱ्याने मोजलं तर लिस्बन सुमारे ८,३०० किमी, म्हणजे लंडनपेक्षा सातशेने लांब. नकाशात बघून बरोबर उलट वाटतं ना? पहिल्या पत्राचंच उत्तर पुन्हा वाचा.

प्रश्न : काका, गोव्यापासून सगळ्यात लांबची जागा कुठली? मी सातवीत आहे.
– सांखळी

उत्तर : बाय, पृथ्वीवर कुठल्याही दोन जागांमध्ये २०,००० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असूच शकत नाही, कारण घेर ४०,००० आणि त्याच्या अर्ध्यापलीकडे गेलीस की दुसऱ्या बाजूने तू जवळ यायला लागतेस. आपल्या बरोबर पायाखालची जागा आहे पॅसिफिक महासागरात, तिथे जमीन नाही, नुसतं पाणी. सगळ्यात जवळचं ओळखीचं नाव म्हणजे ईस्टर बेट, तेही तिथून तेराशे किलोमीटरच्या वर. मोठ्या शहरांत बघायचं तर पेरू देशातलं लिमा, आपल्यापासून सुमारे १६,९०० किमी. मोपाहून थेट जाणारं विमान नाही, आणि जगातली सगळ्यात लांबची नॉनस्टॉप फ्लाइट, सिंगापूर ते न्यूयॉर्क, तीसुद्धा साधारण १५,३०० किलोमीटरच आहे.

शाळेत गोल असेल तर गोव्यावर दोऱ्याचं एक टोक धर आणि दुसरं त्या पाण्यातल्या जागेवर, १५ अंश दक्षिण आणि १०६ अंश पश्चिम. मग दोरा उत्तर ध्रुवावरून लाव, दक्षिण ध्रुवावरून लाव, आफ्रिकेवरून लाव, ऑस्ट्रेलियाच्या बाजूने लाव, कुठूनही लावलास तरी तो तेवढाच भरेल.